दीड अंशाची गोष्ट

दिवाळीत यावलला मामाकडे गेलो होतो. मामाचा दुधाचा धंदा. मामेभाऊ पहाटे पाचला मोटरसायकलला चाळीस लिटरचे दोन कॅन अडकवून निघतो, आसपासच्या गावांतून दूध गोळा करतो आणि आठच्या आत भरलेले कॅन घेऊन परत. एक दिवस हौस म्हणून मीही गेलो आणि येताना म्हटलं, आण इकडे, मी चालवतो. तो दुसऱ्या गाडीवर मागे.

फैजपूर-यावल रस्ता तुम्ही पाहिला असेल तर माहीत असेल, दोन्हीकडे केळी आणि मध्ये सरळसोट डांबर. साठ-पासष्टचा वेग असेल. एकदम जाणवलं की हँडलमध्ये जीवच नाही, आणि मागून कोणीतरी गाडी धरून सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवतंय. सेकंदाला दोन-तीन हेलकावे. ब्रेक मारावासा वाटला, पण हात घाबरून गोठले होते म्हणून मारला नाही (हे शौर्य नव्हे). थ्रॉटल हळूहळू सोडला, वेग चाळीसवर आला आणि गाडी शांत झाली. मामेभाऊ शेजारी आला आणि म्हणाला, "कॅन नाही हालत भो, तूच हालू राह्यला."

आता मी पुण्यात केटीएम आरसी ३९० चालवतो. दर वीकांताला लवासा नाहीतर ताम्हिणी. स्वतःला रायडर वगैरे समजतो. त्यामुळे हे फारच झोंबलं. उरलेली सुट्टी मामाच्या अंगणात टेप आणि वही घेऊन घालवली.

अंगणात तीन गाड्या आहेत. गोणपाटाखाली आजोबांची राजदूत १७५, भिंतीला टेकवलेली बजाज चेतक आणि मामेभावाची दीडशे सीसीची मोटरसायकल. तिन्हींची पुढची चाकं शेजारी शेजारी पाहिली की कळतं, पन्नास-साठ वर्षांचा इतिहास इथेच उभा आहे. तीन गाड्या, आणि पुढचं चाक टांगायच्या तीन वेगळ्या तऱ्हा.

आधी चेतक. हिचं मूळ इटलीतलं, १९४६ ची व्हेस्पा. ती काढणारे कोर्रादिनो दास्कानियो हे विमानं आणि हेलिकॉप्टरवाले इंजिनिअर. मोटरसायकलची चेन, तिचं तेल, उघडं इंजिन त्यांना आवडत नसे. म्हणून त्यांनी इंजिन उचलून थेट मागच्या चाकाशेजारी, उजव्या बाजूला बसवलं, आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. बजाजने पियाजिओच्या परवान्याखाली आकुर्डीत ही स्कूटर बनवली, १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ पासून तीच परंपरा चेतक नावाने चालू राहिली. पुढे २००९ च्या शेवटी बजाजने स्कूटरच बंद करायचं जाहीर केलं. (२०२० मध्ये चेतक नाव परत आलं, पण ते विजेवर.)

वजनाच्या दृष्टीने पाहिलं तर चेतक म्हणजे कमालच. इंजिन मागे, तेही एका अंगाला, चालवणारा जवळजवळ मागच्या चाकावर, मागे बायको, पोरगं पुढे उभं. पोरगं पुढे उभं करण्यात भौतिकशास्त्र होतं असं माझं मत आहे, घरातले मानत नाहीत. शिवाय पुढची चाकधारक दांडी अशी की तिचा खिळा पुढे आणि चाक मागे. ब्रेक दाबला की चाक त्या दांडीला आपल्याबरोबर फिरवू पाहतं, दांडी वर जाते आणि स्कूटरचं नाक खाली बसतं. चेतक चालवलेल्या कुणालाही हा मुजरा आठवत असेल.

राजदूत बरोबर उलटी. ही मूळची पोलंडची, एसएचएल एम-११. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्सने तिचा परवाना घेतला. हिच्या पुढच्या दांडीचा खिळा मागे आणि चाक पुढे. ब्रेक दाबला की तोच जोर दांडीला खाली ढकलतो, म्हणजे नाक बसायच्या ऐवजी उचलल्यासारखं होतं. बीएमडब्ल्यूनेही १९५५ पासून काही वर्षं याच जातीचा फोर्क वापरला, कारण साइडकार लावली तरी तो वाकत नाही, मुरडत नाही. दूधवाल्यांनी राजदूत का पकडून ठेवली याचं एक कारण मला इथे दिसतं. बाकी कारणं स्वस्त आणि कुणालाही दुरुस्त करता येणारी, ही आहेतच.

तिसरी तऱ्हा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे नळीत नळी. तेलाच्या डॅम्पिंगचा असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये बाजारात आणला आणि हळूहळू जगभर तोच झाला. याची खोड अशी की ब्रेक दाबला की नळ्या आत जातात, फोर्क जास्त उभा होतो आणि गाडीची भूमितीच बदलते. दोष म्हणाल तर दोष. पण वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारणाऱ्या रेसरला नेमकं हेच हवं असतं, कारण फोर्क उभा झाला की गाडी पटकन वळते.

ही भूमिती म्हणजे काय? तुमच्या ऑफिसच्या खुर्चीचं चाक बघा. त्याचा खिळा आणि चाक जमिनीला टेकतं ती जागा यात अंतर असतं, म्हणून खुर्ची ढकलली की चाक आपोआप मागे येतं. मोटरसायकलमध्येही हँडलचा आस जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायर टेकतो त्याच्या थोडा पुढे पडतो. हे अंतर म्हणजे ट्रेल. हँडलचा आस उभ्या रेषेपासून जितका कललेला तो रेक. आणि दोन चाकांतलं अंतर व्हीलबेस. ट्रेल जास्त तर गाडी सरळ जायला हट्टी, कमी तर वळायला चपळ.

आता चाकणला जाऊया. २००१ मध्ये पल्सर आली आणि आपल्याकडे हँडलिंग हा शब्द पानटपरीवर पोचला. तोपर्यंत चर्चा एकच, ॲव्हरेज किती देते. २००३ च्या पल्सरचा व्हीलबेस १३२० मिलिमीटर झाला, २००५ मध्ये सतरा इंची अलॉय चाकं आणि मागे गॅसचे शॉक आले, २०१२ च्या २०० एनएसमध्ये पेरिमीटर फ्रेम आणि मोनोशॉक. दहा-अकरा वर्षांत आपल्या पिढीने पूर्ण अभ्यासक्रम संपवला.

पण खरी मजा पुढे आहे. चाकणलाच बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक (२०१३) आणि आरसी ३९० (२०१४) यांचं इंजिन एक. फरक भूमितीत. पहिल्या पिढीच्या ड्यूकचा रेक २५ अंश, ट्रेल १०० मिलिमीटर, व्हीलबेस १३६७. आरसीचा रेक साडेतेवीस, ट्रेल ८८, व्हीलबेस १३४०. शिवाय खाली लावलेली हँडलं, त्यामुळे चालवणाऱ्याचं वजन पुढच्या चाकावर. दीड अंश आणि बारा मिलिमीटर! एवढ्यात एक गाडी शहरात उनाडक्या करणारी आणि दुसरी ट्रॅकवर जाणारी झाली.

हे आकडे वहीत लिहिले आणि शेजारी मामेभावाच्या गाडीचे मांडले. सोयीसाठी व्हीलबेस १३२० धरला. गाडी १४०, माणूस ६०, एकूण २०० किलो, पैकी ९० पुढे, म्हणजे ४५ टक्के. दोन भरलेले कॅन मिळून साधारण १०० किलो. त्याने कॅनची लोखंडी चौकट मागच्या चाकाच्या आसापेक्षा १३० मिलिमीटर मागे जोडलेली. म्हणजे तरफ झाली. पुढच्या चाकावरचे दहा किलो उचलले गेले, मागे एकशे दहा वाढले. आता ३०० पैकी फक्त ८० पुढे. ४५ टक्क्यांवरून थेट २७.

एवढ्यावर थांबत नाही. वजनाने मागचा शॉक बसतो. समजा मागची बाजू पाच सेंटीमीटर खाली गेली, तर १३२० च्या व्हीलबेसवर गाडी दोन अंशांहून थोडी जास्त मागे कलते. रेक तेवढाच वाढतो आणि ट्रेल अंदाजे तेरा मिलिमीटरने. आरसी आणि ड्यूकमधला फरक आठवा. केटीएमच्या इंजिनिअरांनी जेवढं बदलून एक स्पोर्ट्स बाइक घडवली, त्याहून जास्त बदल मामेभाऊ रोज सकाळी दुधाने करतो. फक्त उलट्या दिशेने.

इथे मी एक दिवस अडकलो होतो. ट्रेल वाढला तर गाडी जास्त स्थिर व्हायला हवी ना? मग झुलली का? उत्तर १९७१ मधलं आहे. रॉबिन शार्प या इंग्रज संशोधकाने मोटरसायकलचं गणित मांडून दाखवलं की ती बिघडायच्या तीन वेगळ्या तऱ्हा आहेत. एक सावकाश कलंडणं. दुसरी वॉबल, म्हणजे फक्त हँडल सेकंदाला सात-आठ वेळा थडथडतं. आणि तिसरी वीव्ह, म्हणजे अख्खी गाडीच मागून झुलते, सेकंदाला दोन-तीनदा. माझी तिसरी. मागे, आसाच्या पलीकडे टांगलेलं वजन वीव्ह वाढवतं, आणि आकड्यावर सैल अडकवलेले, अर्धवट भरलेले, आत दूध हिंदकळणारे कॅन तर त्यात झोकेच देतात. पुढचं चाक एवढं हलकं की ते आवरणार कशाने? मग ट्रेल कितीही असो. म्हणजे रेक-ट्रेलचे आकडे पाठ असणारा मी वजनाची जागा बघायला विसरलो होतो. वेग कमी केला की वीव्ह मरतो, म्हणून थ्रॉटल सोडणं योग्य ठरलं. जोरात ब्रेक मारला असता तर... असो.

मामेभाऊ हा रस्ता रोज करतो. थंडीत धुकं असतं, उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि दूध वेळेत पोचलं नाही तर नासतं म्हणून तो पासष्टच्या खाली येत नाही. मी मामांना गणित दाखवलं. मामांनी चष्मा वर केला. "म्हणजे भाचेबुवा, कॅन पुढे घ्या, एवढंच ना? आमचा बा राजदूतवर पायाजवळ अडकवायचा."

खरंय. आजोबांच्या राजदूतची चौकट अजून तशीच आहे, कॅन मागच्या आसाच्या पुढे आणि खाली. मामेभावाने नवीन गाडी घेतली तेव्हा मागच्या सीटवर माणूसही बसावा म्हणून चौकट मागे सरकवली होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी यावलच्या वेल्डरकडे चौकट वीस सेंटीमीटर पुढे घेतली. आता ती आसाच्या सत्तर मिलिमीटर पुढे. त्याने पुढच्या चाकावर पंधरा किलो परत आले, ८० चे ९५, म्हणजे २७ टक्क्यांचे ३२. मागच्या शॉकचं प्रीलोड दोन खाचा घट्ट केलं, कॅनला रबरी पट्टे लावले. हिंदकळण्यावर काही करता आलं नाही. त्याला फक्त सांगितलं की दोन अर्धे न्यायच्या ऐवजी एकेक पूर्ण भरत जा आणि दोन्ही बाजूंचं वजन बघ. यावर, एका गावात एक भरला की दुसरा रिकामाच राहतो, त्याचं काय, असं त्याने विचारलं. हे मला सुचलं नव्हतं. सध्या रिकाम्यात तो पाणी भरून नेतो आणि पुढच्या गावात ओतून, कॅन विसळून दूध घेतो.

परवा फोन केला होता. गाडी झुलत नाही म्हणाला. पण टाचा कॅनला लागतात, आणि मागे कोणी बसत नाही म्हणून वहिनी चिडल्या आहेत.