बुडापेस्टच्या वैद्याची युक्ति

परीक्षा चालली आहे पायाची, आणि वैद्य रोग्यास सांगतो, “दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत अडकवा आणि जोरानें ओढा.” पाहणारास हें मांत्रिकाचें तंत्र वाटावें, परंतु ह्या साध्या युक्तीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सन १८७५ मध्यें बर्लिनचे वेस्टफाल व हायडलबर्गचे एर्ब ह्या दोन वैद्यांनीं, एकमेकांवर अवलंबून न राहतां, एक गोष्ट प्रसिद्ध केली. गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर हलका आघात केला असतां पाय पुढें उडतो. टेबीज नांवाच्या मज्जारज्जूच्या रोगांत हा झटका नाहींसा होतो, हेंही वेस्टफाल यांनीं दाखविलें. तो रोग उपदंशाचा परिणाम आहे, हें पुढें सिद्ध झालें. अर्थात् झटका न दिसणें हें मोठें भयसूचक चिन्ह ठरलें. परंतु कित्येक धडधाकट माणसांतही झटका सहज दिसत नाहीं. त्यांच्यावर ह्या रोगाचा खोटा शिक्का बसला, तर प्रश्न देहाचाच नव्हे, अब्रूचाही होता.

ही अडचण हंगेरीच्या एर्नो येंद्राशिक यांनीं सन १८८५ मध्यें दूर केली. हात जोरानें ओढीत असतां गुडघ्यावर आघात केला, कीं दबलेला झटका प्रकट होतो, असें त्यांनीं दाखविलें.

पुढें विजेच्या साहाय्यानें मज्जातंतूंची परीक्षा होऊं लागली. बेडकाच्या मज्जातंतूंतील संदेशाचा वेग हेल्महोल्ट्स यांनीं सन १८५० मध्येंच मोजला होता. सन १९१० मध्यें हॉफमन यांनीं पोटरीच्या स्नायूचा विद्युत्-प्रतिसाद नोंदला. त्यांत संदेश संवेदक तंतूंनीं मज्जारज्जूपर्यंत जाऊन चालक तंतूंनीं परत येतो. सन १९५० मध्यें मॅग्लाडरी व मॅकडूगल यांनीं ह्यास ‘एच’ हें नांव दिलें, आणि चालक तंतूंतूनच वर जाऊन परतणाऱ्या ‘एफ’ तरंगाचें वर्णन केलें.

दूरची मूठ आवळली, दांत घट्ट मिटले, तर ‘एच’ची उंची वाढते व ‘एफ’ अधिक वेळां उमटतो. मात्र तंतूच्या दोन बिंदूंमधील संदेशाचा वेग बदलत नाहीं. म्हणजे फरक वाटेंत पडत नसून मज्जारज्जूंतील पेशींच्या तत्परतेंत पडतो. ही तत्परता नेमकी कशानें वाढते, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाहीं.

ह्यांतून व्यवहाराचा बोध निघतो. एका पायाच्या परीक्षेच्या वेळीं रोगी भीतीनें मुठी आवळून बसला आणि दुसऱ्याच्या वेळीं सैल पडला, तर दोन पायांच्या नोंदींत रोग नसतांही भेद दिसेल. म्हणून परीक्षक कधीं “अंग सैल सोडा” म्हणतो, कधीं “मूठ आवळा” म्हणतो. त्याची आज्ञा क्षुल्लक समजूं नये. निदानाचा खरेंखोटेपणा कित्येकदां तिच्यावरच अवलंबून असतो.