‘नाना’चा शिक्का : कोकणातले फौजी आणि त्यांचे अर्ज

आमच्या घराच्या माळ्यावर काळ्या पत्र्याची एक ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात काकांचा फौजी नंबर. आत कपडे नाहीत, कागद आहेत : डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाच्या नकला, रजिस्टर पोस्टाच्या पावत्या आणि दापोलीत टाइप करून घेतलेले अर्ज. काका गेल्यावर ते कागद तारीखवार लावायला बसलो. ती लावणी करतानाच हा लेख सुचला.

दापोलीला आमच्याकडची जुनी माणसे अजून ‘काप दापोली’ म्हणतात. काप म्हणजे कॅम्प. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथे लष्करी ठाणे केले. पुढे नियमित पलटणी हलल्या, पण निवृत्त शिपायांची वस्ती राहिली. हवालदार गोपाळबाबा वलंगकर निवृत्तीनंतर इथेच स्थिरावले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. आंबेडकरांचे वडील, हेही काही काळ दापोलीत होते. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. तो अपंगत्वाचा अर्ज नव्हे हे मला ठाऊक आहे. पण आम्ही केलेली चाकरी पाहा आणि मग बोला, हा जो त्याचा सूर, तोच शंभर वर्षांनी काकांच्या अर्जांत मला ऐकू आला. काकांनी वलंगकर वाचले असण्याची काहीच शक्यता नाही.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला, आणि उपासमारीनंतर शरणागती आली. जायबंदी होऊन परतलेल्या हिंदी शिपायांसाठी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढले. ते पुढे खडकीला गेले आणि आजही चालू आहे. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. म्हणजे हातपाय गमावलेल्या माणसासाठी काही ना काही सोय होत गेली. त्याचे दुखणे दिसते. अडचण आहे ती न दिसणाऱ्या दुखण्याची : फेफरे, बहिरेपण, पाठीचा कणा, मनाचे आजार.

नियम वाचायला सोपा आहे. दुखणे लष्करी सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले असले पाहिजे आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के भरले पाहिजे. हे ठरवते मेडिकल बोर्ड. बोर्डाने ‘सेवेमुळे झालेले नाही, वाढलेलेही नाही’ असे लिहिले की खटला तिथेच खुंटतो. या इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरे जुळवली की ‘नाना’ होते. काका म्हणायचे, “आमच्या नशिबी मामा नाय, हा नाना आला.”

काकांची पलटण कोणती आणि कागद कुठे अडले ते मुद्दाम सांगत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांना पहिल्यांदा फेफरे आले ते ड्युटीवर, डोंगरातल्या चौकीत. वर्षभरात बोर्ड-आउट. अपंगत्व २० टक्के, पुढे ‘नाना’. नकाराचे पत्र इंग्रजीत होते आणि गावी आले तेव्हा काका मुंबईत वॉचमनची नोकरी करत होते. पहिल्या अपिलाची मुदत सहा महिन्यांची. आजीने पत्र देवघरात ठेवले, ग्रामदेवतेला कौल लावला, कौल उजवा आला, आणि गणपतीला काका घरी आले तोवर मुदत संपली होती. गावात कुजबुज वेगळीच : ह्यांच्या घराण्यातच काहीतरी आहे, म्हणून फौजेने परत धाडला. पेन्शनपेक्षा काकांना ते जास्त लागले होते, असे आता वाटते.

त्यांचा युक्तिवाद एकच असे. “अरे, फेफरं मी गावातनं घेऊन गेलो असतो, तर भरतीच्या डॉक्टरान् मला घेतलान् कसा?” आम्ही मुले हसायचो.

२ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात जवळपास हेच म्हटले. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले आणि १९९४ मध्ये फेफऱ्यामुळे, २० टक्के अपंगत्व ठरून, घरी आले. उच्च न्यायालयात ते एकदा जिंकले, मग खंडपीठापुढे हरले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांकडेच बोट दाखवले. भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे धरायचे. सिद्ध करण्याचा बोजा शिपायावर नाही. संशयाचा फायदा त्यालाच. बोर्डाला वेगळे म्हणायचे असेल तर कारण लिहायचे. हे सगळे १९८२ पासून छापलेले होते! ते वाचून दाखवायला एकतीस वर्षे आणि देशातले सर्वांत वरचे न्यायालय लागले.

सरकारी बाजूलाही एक म्हणणे आहे. रक्तदाब, मधुमेह गावात राहिलेल्यालाही होतो. प्रत्येक दुखणे सेवेच्या माथी मारता येणार नाही. हे खरे आहे. पण मग कारण लिहावे. काकांच्या कागदावर ओळीपुढे नुसती खूण आहे.

निकाल मिळाला तरी पैसा किती, हेही पाहू. सहाव्या वेतन आयोगानंतर शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे २० टक्के अपंगत्वाला ६ टक्के. बोर्ड-आउट झालेल्यांना १९९६ पासून ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० धरण्याची सवलत होती, म्हणजे १५ टक्के. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही ती द्यावी, हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात ठरले. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये असले खटले सरकारने लढवत बसू नयेत, अशा दिशेने शिफारशी केल्या. २०२३ च्या सप्टेंबरात मात्र नवे नियम आले, आणि पुढच्या निवृत्तांसाठी व्याख्या बदलल्या.

धरमवीर निकालाची बातमी काकांना माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात कळली. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ पासून काम करू लागले होते. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. तिथे अर्ज केला आणि काका जिंकले. पण थकबाकी मिळाली ती अर्जाच्या मागची तीनच वर्षे. २००८ च्या तरसेम सिंग निकालाने उशिरा आलेल्यांना ती मर्यादा घातली आहे. तरसेम सिंग १९८३ ला बाहेर पडले होते आणि १९९९ ला न्यायालयात गेले.

रक्कम बँकेत आल्यावर काका पेन्सिल घेऊन बसले. कालनिर्णयाच्या पाठीमागे त्यांनी मधल्या वर्षांची यादी केली, दर वर्षापुढे आपल्या अंदाजाने आकडा घातला, महागाई भत्ता धरला, एके ठिकाणी हातचा चुकला तो खोडून दुरुस्त केला. खाली बेरीज आहे. बेरजेखाली सही आहे, फौजी नंबरासकट. ते पान ट्रंकेत सगळ्यात वर होते.