अमेरिकेत मेडिकलला अर्ज करताना जीपीए कसा मोजतात? कॉलेजचा आकडा आणि अर्जातला आकडा वेगळा का येतो

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं म्हटलं की हिशेब सरळ असतो. बारावीला किंवा पीयूसीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत ठरावीक टक्के मिळाले की पात्रता मिळते. खरी लढाई ७२० मार्कांच्या नीटची. सीट त्या रँकवर मिळते, मग विद्यार्थी बेळगावचा असो, मडगावचा असो की इंदूरचा.

अमेरिकेत हा हिशेब चालत नाही. तिथे मेडिकल ही पदवीनंतरची पदवी आहे. आधी साधारण चार वर्षांची बॅचलर्स डिग्री, मग चार वर्षांचं एम.डी. प्रवेशासाठी एमकॅट नावाची परीक्षा असते. तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. पण परीक्षेइतकंच वजन कॉलेजमधल्या सगळ्या वर्षांच्या ग्रेडला असतं. ते वजन ज्या आकड्यात मोजतात तो जीपीए, म्हणजे ग्रेड पॉइंट अॅव्हरेज.

सीमाभागातल्या, गोव्यातल्या, वडोदरा-हैदराबादच्या अनेक मराठी घरांतली मुलं आज अमेरिकेत शिकतात, काहींचा जन्मच तिकडचा. आजी-आजोबांना फोनवर कळतं की नातीचा जीपीए ३.७ आहे. अर्ज भरायची वेळ आली की तोच आकडा ३.६ होतो आणि घरात गोंधळ उडतो. कॉलेजने चूक केलेली नसते. अर्ज घेणारी यंत्रणा स्वतःच्या पद्धतीने पुन्हा हिशेब मांडते, म्हणून फरक पडतो.

अर्ज कुठे जातो?

अमेरिकेत प्रत्येक मेडिकल कॉलेजला वेगळा फॉर्म भरत नाहीत. एम.डी. देणाऱ्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज एएमकॅस या एकाच केंद्रीय यंत्रणेतून जातात. ती तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, एएएमसीची आहे. डी.ओ. ही ऑस्टिओपॅथिक पदवी देणाऱ्या कॉलेजांसाठी आकोमास ही यंत्रणा आहे. टेक्सास राज्यातल्या सरकारी कॉलेजांसाठी टीएमडीसास ही तिसरी. तिघींचे नियम थोडे थोडे वेगळे आहेत. खाली मुख्यतः एएमकॅसचा हिशेब दिला आहे.

विद्यार्थ्याने कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट आणि ग्रेड अर्जात स्वतः भरायची असते. शिकलेल्या प्रत्येक अमेरिकन कॉलेजचं अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे आपल्याकडचं एकत्रित मार्क्सकार्ड, थेट यंत्रणेकडे जातं. तिथली माणसं अर्ज आणि ट्रान्स्क्रिप्ट ओळीओळीने ताडून बघतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या कम्युनिटी कॉलेजात एकच विषय घेतला असला तरी तो दाखवावा लागतो.

ग्रेडचे आकडे

एएमकॅस प्रत्येक ग्रेडला एक अंक देतं. ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३, सी २.०, सी मायनस १.७, डी १.० आणि एफ म्हणजे शून्य. काही कॉलेजं ए प्लसला ४.३ देतात. एएमकॅसमध्ये ए प्लससुद्धा ४.० च धरतात. कॉलेजचा आकडा आणि अर्जाचा आकडा वेगळा निघण्याचं हे पहिलं कारण.

टेक्सासच्या यंत्रणेत प्लस-मायनस धरतच नाहीत. ए मायनसला पूर्ण ४ मिळतात, पण बी प्लसला मात्र ३ च. ज्याच्याकडे ए मायनस जास्त त्याचा तिथे फायदा, ज्याच्याकडे बी प्लस जास्त त्याचं नुकसान.

हिशेब कसा करायचा?

ही साधी सरासरी नाही, भारित सरासरी आहे. दुकानात वेगवेगळ्या दराने घेतलेल्या मालाचा सरासरी भाव काढताना नुसते दर बेरजेला घेत नाहीत, प्रत्येक दराला नग लावतात. इथे दराच्या जागी ग्रेडचा अंक आणि नगाच्या जागी क्रेडिट.

समजा एका विद्यार्थिनीने पहिल्या सेमिस्टरला पाच विषय घेतले:

- केमिस्ट्री, ४ क्रेडिट, बी प्लस: ४ × ३.३ = १३.२
- बायोलॉजी, ४ क्रेडिट, ए मायनस: ४ × ३.७ = १४.८
- कॅलक्युलस, ३ क्रेडिट, ए: ३ × ४.० = १२.०
- इंग्रजी, ३ क्रेडिट, ए: ३ × ४.० = १२.०
- इतिहास, २ क्रेडिट, ए मायनस: २ × ३.७ = ७.४

एकूण क्रेडिट १६, एकूण गुण ५९.४. भागाकार केला की ३.७१ येतात. हा झाला एकूण जीपीए.

सायन्सचा जीपीए वेगळा

गोष्ट इथेच संपत नाही. एएमकॅस सगळे विषय दोन ढिगांत टाकतं. पहिला ढीग बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बीसीपीएम म्हणतात. बाकी सगळं दुसऱ्या ढिगात.

वरच्या उदाहरणात सायन्सचे क्रेडिट ११ आणि गुण ४०.०, म्हणजे जीपीए ३.६४. बाकीचे क्रेडिट ५ आणि गुण १९.४, म्हणजे ३.८८. एकूण आकडा ३.७१ दिसत असला तरी सायन्सचा आकडा त्याखाली आहे, आणि प्रवेश समितीसमोर दोन्ही आकडे येतात.

कुठला विषय कुठल्या ढिगात हे तो शिकवणाऱ्या विभागाच्या नावावरून ठरत नाही, विषयात मुख्यतः काय शिकवलं त्यावरून ठरतं. जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, न्यूरोसायन्स बायोलॉजीत येतात. बायोकेमिस्ट्री केमिस्ट्रीत. स्टॅटिस्टिक्स आणि बायोस्टॅटिस्टिक्स गणितात. पण सायकॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंग सायन्सच्या ढिगात येत नाहीत. इंजिनिअरिंग करून मेडिकलकडे वळणाऱ्या मुलांना हे बऱ्याचदा उशिरा कळतं.

याशिवाय आकडे वर्षवारही मांडले जातात: पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं आणि पदवीनंतर घेतलेले पदवी पातळीचे विषय. त्यामुळे पहिल्या वर्षी घसरलेला विद्यार्थी पुढे सावरला असेल तर ते वाचणाऱ्याला दिसतं. उलटं झालं असेल तर तेही दिसतं.

नापास होऊन पुन्हा दिलेला विषय

सर्वांत मोठा फरक इथे पडतो. अनेक कॉलेजांत विषय पुन्हा घेतला की जुनी ग्रेड हिशेबातून निघते आणि नवी धरतात. एएमकॅस दोन्ही धरतं.

समजा चार क्रेडिटच्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत आधी डी मिळाला, पुढच्या वर्षी त्याच विषयात ए मिळाला. बाकी ११६ क्रेडिटचा जीपीए ३.७ आहे. कॉलेजच्या हिशेबाने १२० क्रेडिटवर ३.७१ होतात. एएमकॅस मात्र १२४ क्रेडिट धरतं आणि आकडा ३.६२ वर येतो. सायन्सच्या ढिगात तर जास्त फटका बसतो. बाकी सायन्सचे ४६ क्रेडिट ३.६ चे असतील, तर कॉलेजच्या हिशेबाने ३.६३ आणि एएमकॅसच्या हिशेबाने ३.४४. विषय एकच, घसरण जवळजवळ दोन दशांश.

डी.ओ.वाल्या आकोमासमध्ये पूर्वी फक्त शेवटची ग्रेड धरत असत. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. आता तिथेही सगळे प्रयत्न मोजतात. जुने सल्ले अजून फिरत असतात, त्यांवर विसंबू नये.

कशाचा हिशेब होत नाही?

मुदतीत सोडलेल्या विषयापुढे डब्ल्यू येतो. त्याला अंक नाही, पण तो कागदावर दिसतो. नुसतं पास-नापास धरून घेतलेल्या विषयातला पास जीपीएत जात नाही. शाळेत असताना दिलेल्या एपी परीक्षांचं क्रेडिट वेगळं दाखवतात, त्यालाही अंक नाही. मात्र बारावीच्या आत प्रत्यक्ष कॉलेजचा विषय घेऊन ग्रेड मिळवली असेल तर ती धरली जाते. सोळाव्या वर्षी हौसेने घेतलेला आणि दुर्लक्षिलेला विषय बाविसाव्या वर्षी असा पुढे येतो.

काही कॉलेजांत सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धत असते. तिथला एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचा दोन-तृतीयांश. पाच क्वार्टर क्रेडिटचे साधारण ३.३ होतात.

भारतातल्या मार्कांचं काय?

सीमाभागातल्या वाचकांसाठी कळीचा मुद्दा हाच. भारतात बी.एस्सी. केलेल्या विद्यार्थ्याचा जीपीए एएमकॅस काढत नाही. दहापैकी ८.५ सीजीपीएला साडेनऊने गुणून टक्के काढा, मग त्याला चारवर आणा, असले त्रैराशिक मांडून काही उपयोग नाही. परदेशी कॉलेजची ग्रेड या हिशेबात येतच नाही. म्हणून बरीच मेडिकल कॉलेजं अमेरिकेत किंवा कॅनडात केलेली पदवी, निदान तिथल्या कॉलेजात घेतलेले काही सायन्सचे विषय मागतात.

दुसरा गैरसमज एम.एस.चा. अमेरिकेत जाऊन मास्टर्स केलं आणि त्यात ४.० मिळवले, तरी तो आकडा पदव्युत्तर म्हणून वेगळा दाखवतात. पदवीच्या जीपीएत तो मिसळत नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना तिथल्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. अनेक मेडिकल कॉलेजं परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत. टेक्सासमध्ये दहातल्या नऊ जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी राखलेल्या असतात. आपल्या ८५ टक्के राज्य कोट्यासारखीच ही गोष्ट. ‘आधी पदवीला पाठवू, मग मेडिकल बघू’ म्हणून प्लॉट किंवा शेत विकायला निघालेल्या घराने ही यादी आधी तपासावी.

ज्याने भारतात एमबीबीएस केलं आहे त्याचा रस्ता वेगळा. त्याला पुन्हा मेडिकल कॉलेजात प्रवेश घ्यायचा नसतो. ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि यूएसएमएलई परीक्षांतून तो थेट रेसिडेन्सीसाठी अर्ज करतो. तिथे या जीपीएचा संबंध नाही.

कॅनडात

ऑन्टारियो प्रांतातल्या मेडिकल कॉलेजांचे अर्ज ओमसासमधून जातात. तिथेही चारचीच पट्टी, पण पायऱ्या निराळ्या. टक्क्यांत मार्क देणाऱ्या बऱ्याच विद्यापीठांसाठी ९० आणि वर ४.०, ८५ ते ८९ ला ३.९, ८० ते ८४ ला ३.७, ७७ ते ७९ ला ३.३ अशी उतरंड आहे. ७९ वरून ८० वर गेलं की एका टक्क्यात चार दशांशांची उडी. अमेरिकेसाठी काढलेला आकडा म्हणूनच कॅनडाला चालत नाही.

किती असावा?

एएएमसीच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ ला एम.डी.ला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एकूण जीपीए ३.७७ आणि सायन्सचा ३.७१ होता. एमकॅटची सरासरी ५१२ च्या आसपास. ही सरासरी आहे, कटऑफ नाही. म्हणजे याखालच्यांनाही प्रवेश मिळाले आणि वरच्यांनाही नकार आले. तरीही घरातल्या मुलाचा आकडा या तुलनेत कुठे आहे हे कळायला ती पुरेशी आहे.

लक्षात ठेवण्यासारखं

- पहिल्या सेमिस्टरपासून विषय, क्रेडिट आणि ग्रेड यांची वही ठेवावी. सायन्स आणि इतर असे दोन रकाने आखावेत.
- विषय पुन्हा घ्यायच्या आधी दोन्ही ग्रेड धरून आकडा काढून बघावा. डी किंवा एफ असेल तर पुन्हा घेणं बहुधा भाग पडतं. सी प्लससाठी तोच विषय परत घेण्याऐवजी पुढचा विषय घेऊन ए मिळवणं अनेकदा जास्त उपयोगी पडतं.
- अर्ज भरताना ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवूनच भरावा. आठवणीवर भरलेला अर्ज चुकला तर परत येतो आणि त्यात आठवडे जातात.
- नियम दरवर्षी थोडे बदलतात. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षाची मार्गदर्शिका वाचावी.

पहिल्या सेमिस्टरचे १६ क्रेडिट पुढे १२० मध्ये मिसळतात, पुसले जात नाहीत. चौथ्या वर्षी कितीही धावलं तरी सरासरी हळूहळूच चढते. म्हणून फोनवर नातवाला ‘जीपीए किती?’ असं विचारताना ‘सायन्सचा किती?’ हेही विचारावं, आणि तेही पहिल्याच वर्षी.