भीमेपलीकडची चाचणी

दिवाळी सरली की बारामती-इंदापुरात उसाचे गाळप जोर धरते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत बीडकडची कुटुंबे पुष्कळ. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे आजारपणाचा खाडाही परवडत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे ऐकावे लागल्याचे अनेकींनी सांगितले.

पांढरे जाण्यामागे बहुधा औषधाने बरा होणारा साधा संसर्ग असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण वेगळे आहे. १९८३ मध्ये जर्मनीत हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने या कर्करोगाच्या गाठींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार शोधला, पुढच्याच वर्षी अठरावा. या कामाबद्दल त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. हा संसर्ग अतिशय सामान्य असून बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात मात्र तो ठाण मांडतो, आणि तेथून कर्करोगापर्यंत जायला सहसा दहा-वीस वर्षे लागतात.

या काळात पेशीत काय घडते? विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीच्या पी-५३ या राखणदाराचा नाश घडवते, ई-७ दुसऱ्या राखणदाराला निकामी करते. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी एका सूक्ष्म कृमीचा अभ्यास करताना आरएनएचे चिमुकले तुकडे कसे काम करतात ते उलगडले. हे ‘मायक्रोआरएनए’ स्वतः प्रथिन बनवत नाहीत, इतर जनुकांचे निरोप दाबून ठेवतात. दोघांना २०२४ चे नोबेल मिळाले. पी-५३ नाहीसे झाले की वाढीला लगाम घालणारा ‘३४-ए’ हा मायक्रोआरएनएही घटतो आणि पेशी बेबंद वाढू लागते. संसर्ग झालेल्यांपैकी नेमका धोका कोणाला, हे अशा तुकड्यांवरून ओळखता येईल का, याचा शोध चालू आहे.

पण जीव वाचवायला तेवढे थांबण्याची गरज नाही, हे ज्या अभ्यासाने दाखवले तो इंदापूरहून फार दूर झालेला नाही. उजनीचे पाणी ओलांडून माढ्याच्या पुढे बार्शी लागते. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येतील याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव गेले. त्या नोंदींत बायकांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक निघाला. पुढे बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले : विषाणूची चाचणी, पेशींची तपासणी, व्हिनेगरसारखे द्रावण लावून डोळ्यांनी पाहणे, आणि चौथा तुलनेचा.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या. विषाणू-चाचणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. इतर दोन पद्धतींनी तेथे लक्षणीय घट झाली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का, हा प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तो रास्त आहे.

२०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला परवानगी मिळाली. लस मुलींसाठी, चाचणी त्यांच्या आयांसाठी. विषाणू नसलेल्या बाईला कर्करोगाच्या भयाने पिशवी काढण्याचे कारण नाही, आणि असलेल्या बाईवर वेळीच छोटा उपचार करता येतो. ज्या मातीतल्या बायकांनी हे ज्ञान जगाला दिले, तिच्या शेजारून येणाऱ्या ऊसतोड बायकांपर्यंत मात्र आजाराचे भय आधी पोचले. ती चाचणी आता कोपीपर्यंत जायला हवी. हंगामाचे पाच-सहा महिने या बायका एकाच परिसरात असतात.