मनमाडची खिंड आणि मुक्कामाचे शास्त्र

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे निघालेली सातमाळ्याची डोंगररांग गिरणेचे खोरे आणि गोदावरीचे खोरे यांच्यामधला दुभाजक आहे. उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाशापुढे ती एखाद्या तटासारखी उभी राहते. आणि या तटाला जी मोजकी दारे निसर्गाने ठेवली, त्यांपैकी सर्वांत सुगम दार मनमाडच्या दक्षिणेस, अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी आहे. मनमाडचा लौकिक आज रेल्वेचे जंक्शन म्हणून असला, तरी त्याच्या महत्त्वाचे मूळ लोखंडी रुळांत नसून या खिंडीत आहे. आणि घरदार बरोबर घेऊन, आडवाटांनी, निसर्ग पाहत दूरवर जाण्याची जी हौस अलीकडे पुन्हा जागी झाली आहे, तिच्यासाठी या खिंडीचा इतिहास फार बोधप्रद आहे.

सतराव्या शतकात सुरत हे मोगलाईचे समृद्ध बंदर होते आणि औरंगाबाद हे दख्खनच्या सुभ्याचे मुख्य ठाणे. या दोहोंना जोडणारी वाट बागलाणातून सातमाळा ओलांडीत असे. थेवनो या फ्रेंच प्रवाशाने सुरत-औरंगाबाद मार्गावरील एक मजल म्हणून अंकाईचा उल्लेख केला आहे, यावरून या स्थळाचे महत्त्व ध्यानात येते. सुमारे ३,२०० फूट उंचीचा हा किल्ला ज्याच्या ताब्यात, त्याच्या नजरेखालून वाटेवरचा प्रत्येक बैल जाणार. म्हणूनच १६३५ साली शाहजहानच्या सेनापतीने तो हस्तगत केला, १७५२ साली निजामाकडून तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने एकही गोळी न झाडता तो घेतला. राज्ये बदलली, तरी खिंडीवरची नजर कोणत्याही सरकारने ढळू दिली नाही.

अशा मार्गाने जाणाऱ्याला प्रवासाचा बेत किती बारकाईने आखावा लागे, हे ताव्हेर्निये या जवाहिऱ्याच्या वृत्तांतावरून कळते. दोन बैलांची, पडदे व गाद्या असलेली गाडी दिवसाला सुमारे एक रुपया भाड्याने मिळे; सुरतेहून आग्र्याला पस्तीस ते चाळीस दिवस लागत, आणि गोवळकोंड्याचे अंतर व भाडे जवळजवळ तेवढेच असे. बैलांना गव्हाच्या पिठाचे तूप-गूळ घातलेले गोळे आणि संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे द्यावे लागत, हेही तो आवर्जून नोंदवितो. कारण जनावर थकले की सारा बेत कोलमडे. दिवसाची मजल ठरे ती पाणवठा कोठे, वैरण कोठे, सराई किंवा गावाचा आसरा कोठे, कोणत्या चौकीवर दस्तक पाहतील आणि जकात किती पडेल, या हिशेबावर. पावसाळ्यात खानदेशच्या काळ्या मातीतून चाक हलत नसे. म्हणून दसऱ्याचे सीमोल्लंघन हा केवळ सणाचा विधी नव्हता, वाटा वाळून पक्क्या झाल्याची ती ग्वाही होती.

परंतु घरच घेऊन चालण्याची विद्या ज्यांनी पूर्णत्वास नेली, ते बंजारे आणि लमाण होत. मुंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी लिहितो आणि सांगतो की अरुंद वाटेवर तांडा समोर आला, तर तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ असे एकेक जिन्नस वाहणारे त्यांचे गट वेगवेगळे असत. बायकामुले बरोबर, संसार पाठीवर, आणि नाईकाच्या शब्दावर कूच किंवा पडाव. बैल चरत चरत चालावेत म्हणून दिवसाची मजल सहा-सात मैलांपेक्षा अधिक नसे. ही मंदगती आळसातून आलेली नव्हती. जमीन, गवत आणि पाणी यांच्याशी जुळवून घेतलेली ती एक शिस्त होती, आणि मोठमोठ्या फौजा याच शिस्तीवर विसंबून दख्खनमध्ये लढल्या. नाईकाच्या स्मरणात साऱ्या मुलखातील ओढे, विहिरी, कुरणे आणि उतार यांचा जो नकाशा होता, त्याच्या तोलाचा नकाशा कोणत्याही दप्तरात नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात थळ घाट चढून लोहमार्ग खानदेशाकडे गेला आणि मनमाडला स्टेशन झाले. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, आणि शतक संपता संपता निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याची मीटर गेज लाईन येथे येऊन मिळाली. अंकाईजवळ या दोन वाटा आजही एकमेकींपासून फुटतात. म्हणजे ज्या दारातून तांडे जात, त्याच दारातून गाड्या जाऊ लागल्या. पूर्वी वेरूळची लेणी पाहू इच्छिणारे नांदगावला उतरून टांग्याने पुढे जात. नवी लाईन झाल्यावर तीही वाट ओस पडू लागली. बैलावरची वाहतूक रेल्वेपुढे टिकली नाही. त्यातच १८७१ च्या कायद्याने फिरस्त्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि त्याची झळ अनेक मुलखांत बंजाऱ्यांनाही लागली. ज्यांनी देशाला धान्य पोहोचविले, त्यांची उपजीविका आणि प्रतिष्ठा एकाच काळात हिरावली गेली, ही त्या शतकाची मोठी अन्यायकारक घटना होय. त्यांचे काम मात्र या मुलखातून गेले नाही. फूड कॉर्पोरेशनची विस्तीर्ण कोठारे आज मनमाडलाच उभी आहेत.

रेल्वेने फार मोठे उपकार केले, हे निर्विवाद आहे. पण तिने प्रवाशाच्या मनातून मुक्कामाचा विचार काढून टाकला. मनमाडला गाडी बदलणाऱ्या लाखो लोकांनी हडबीची शेंडी डब्याच्या खिडकीतून पाहिली, अंकाईवरचे अगस्तींचे स्थान आणि टंकाईच्या कुशीतली जैन लेणी मात्र पाहिली नाहीत. आता मोटारीतच शय्या, चूल आणि पाण्याची टाकी बसवून निघणारे प्रवासी वाढत आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालापासून मनमाड, अंकाई, येवला, वैजापूर आणि देवगिरीवरून वेरूळपर्यंतची वाट अशा प्रवासाला फार अनुरूप आहे.

मात्र हा बेत आखताना किती मैल काटले, हा हिशेब दुय्यम मानावा. दसऱ्यानंतर निघावे, मजल लहान ठेवावी, सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा, गावाची अनुज्ञा घेऊन उतरावे आणि पाण्याचा विचार सर्वांत आधी करावा. वागदर्डी धरण आटले की मनमाडकरांना स्वतःच्या पिण्याच्या पाण्यासाठी दिवस मोजावे लागतात. अशा गावी आलेल्या प्रवाशाने टाकी दुसरीकडून भरून आणावी, हा साधा धर्म आहे. शासनानेही विश्रांतिस्थळे नव्याने शोधण्यापूर्वी जुन्या मजलींची नोंद करावी, तेथील बारवा आणि तलाव उपसून दुरुस्त करावेत, आणि त्या वाटांचे ज्ञान ज्यांच्या पूर्वजांनी चालून मिळविले, त्या तांड्यांतील लोकांना वाटाडे आणि यजमान म्हणून मानाचे स्थान द्यावे. वाट त्यांची होती. तिच्यावरचा पहिला लाभही त्यांना मिळाला पाहिजे.