मोफत पीडीएफ आणि मुक्त पुस्तक यात फरक काय? बीडच्या विद्यार्थ्यांसाठी तो महत्त्वाचा का आहे?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कॉलेजचं वर्षही याच काळात सुरू असतं. घरच्यांसोबत फडावर गेलेल्या विद्यार्थ्याचे तास बुडतात आणि कॉलेजची लायब्ररीही मागे राहते. हातात उरतो तो मोबाईल.

"नेटवर सगळं मोफतच तर मिळतं," असं तुम्ही म्हणाल. पण मोफत आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुक्त म्हणजे काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे एखादी पीडीएफ फुकट वाचता आली, तरी तिचं भाषांतर करून वाटायची परवानगी मिळतेच असं नाही. लेखकाने मुक्त परवाना दिला असेल, तर ते साहित्य जवळ ठेवता येतं, छापता येतं, बदलता येतं आणि पुढे पाठवता येतं. यालाच 'मुक्त शैक्षणिक साहित्य' किंवा ओईआर म्हणतात. हा शब्द २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत रूढ झाला.

याचा फायदा काय?

पैसे वाचतात, हे उघडच आहे. पण मोठा फायदा भाषेचा आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये पायथन, लिब्रेऑफिससारखे विषय साधारण दहा मिनिटांच्या व्हिडिओंतून शिकवले जातात. त्यातले अनेक मराठी आवाजातही आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय पाहता येतात.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स'ची अनेक पाठ्यपुस्तकं तर फक्त मूळ श्रेय द्या, एवढ्याच अटीवर वापरता येतात. म्हणजे अंबाजोगाईचे एखादे प्राध्यापक अर्थशास्त्राचं प्रकरण मराठीत आणू शकतात, त्यात कापसाच्या भावाचं उदाहरण घालू शकतात आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू शकतात. त्यासाठी कुणाची वेगळी परवानगी लागत नाही.

परवाना कसा ओळखायचा?

पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा वेबसाइटच्या तळाशी 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चं चिन्ह शोधा. त्यापुढच्या अक्षरांचा अर्थ असा:

• बीवाय: मूळ लेखकाचं नाव द्या
• एसए: तुमचं सुधारित रूपही त्याच परवान्याखाली द्या
• एनसी: व्यावसायिक वापर नको
• एनडी: बदललेलं किंवा भाषांतरित रूप वाटायचं नाही

अडचण कुठे आहे?

उच्च शिक्षणाचं मुक्त साहित्य बहुतांश इंग्रजीत आहे आणि आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी ते तंतोतंत जुळेलच असं नाही. ते मराठीत आणणं, तपासणं हे मेहनतीचं काम आहे. मुक्त परवान्यामुळे ती मेहनत एकाच वर्गापुरती राहत नाही. माजलगावात एकदा झालेलं भाषांतर गेवराईत, लातूरमध्ये आणि फडावरच्या मोबाईलवरही चालतं.