सुट्टीत पेण की रोहा?

नातवंडं सुट्टीला आली की विचारतात, "आजोबा, पेणला बघायचं काय?" मी गणपतीचे कारखाने दाखवतो, मग रोह्याला कुंडलिकेच्या काठी आणि धावीर महाराजांच्या देवळात नेतो. पेणला वर्दळ फार, रोहा जरा निवांत.

पण खरं साम्य इतिहासात आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले, रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांनीही गीता सामान्य माणसापर्यंत नेली. दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९५८ आणि १९९६ साली.

हे ऐकून धाकट्याने विचारलं, "तुम्ही पाहिलंत गागोदे?"

तीस वर्षं वर्गात विनोबा शिकवले, पण गागोद्याला कधी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघे निघालो.